तीन नंबरचा बावटा

'रत्नागिरी बंदरात तीन नंबरचा बावटा लावण्यात आला आहे.' वर्तमानपत्रातील ही ओळ, ज्याने कोकणात चार पावसाळे काढले आहेत त्याला नवी नाही. ती वाचून तो एकदा आभाळाकडे पाहतो आणि आपल्या कामाला लागतो. लहानपणी आम्ही या ओळीचा अर्थ सरळ अंकगणिताने लावीत असू. एकाहून तीन मोठा, तिनाहून सात मोठा, आणि अकरा नंबर लागला तर जगबुडीच! पुढे चाकरीच्या निमित्ताने देशाच्या पूर्व किनाऱ्यावर येऊन पडलो. इकडे वादळ हा वर्षातून दोनदा हमखास निघणारा विषय. कचेरीतील बंगाली व उडिया सहकारीही क्रमांकांचा हिशेब आमच्यासारखाच करतात हे पाहून आम्हांस बरे वाटले. परंतु एके दिवशी त्या अकरा क्रमांकांची मूळ यादी वाचनात आली, आणि आम्ही सारेच चुकत होतो हे ध्यानात आले. ही चूक आमच्यापुरती असती तर ती चारचौघांत सांगण्याचे कारण नव्हते. पण बंगालच्या उपसागराच्या काठी राहणाऱ्या लक्षावधी माणसांनी तीच चूक केली आहे, आणि तिची किंमत प्राणांनी मोजली आहे.

आपण 'बावटा' म्हणतो खरे, पण बंदरातील डोलकाठीवर चढते ते कापड नव्हे. दिवसा शंकूच्या व नळकांड्याच्या आकाराच्या वस्तू टांगतात आणि रात्री तांबडे-पांढरे दिवे लावतात. या शंकू-नळकांड्यांचे मूळ इंग्लंडात आहे. १८५९ च्या ऑक्टोबरात 'रॉयल चार्टर' नावाचे जहाज वादळात फुटून सुमारे साडेचारशे माणसे बुडाली. त्यानंतर ॲडमिरल रॉबर्ट फिट्झरॉय याने १८६१ च्या फेब्रुवारीत किनाऱ्यावरील बंदरांना तारेने वादळाचे इशारे पाठविण्यास प्रारंभ केला. डार्विन ज्या 'बीगल' जहाजावरून जगभर फिरला, त्याचा कप्तान तो हाच. 'भविष्य' हा शब्द ज्योतिषाचा वाटतो म्हणून 'फोरकास्ट' हा शब्द त्याने योजला. विद्वानांनी त्याच्या अंदाजांची टवाळी केली. १८६५ च्या एप्रिलमध्ये त्याने आत्महत्या केली. आणि १८६६ अखेर ते इशारे बंदही झाले. पण ज्यांच्यासाठी ते होते त्या नावाड्यांनी आणि कोळ्यांनीच आरडाओरड करून ते वर्षभरात पुन्हा सुरू करविले. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. फिट्झरॉयचा इशारा ज्याला दिसे, त्याला समुद्र ठाऊक होता. इशाऱ्याने फक्त 'येत आहे' एवढेच सांगायचे. काय येत आहे आणि आल्यावर काय करायचे, हे पाहणाऱ्याला बापजाद्यांपासून माहीत होते.

आपल्याकडे ही विद्या आली ती कलकत्त्याच्या वाटेने. 'सायक्लोन' हा शब्दच मुळी कलकत्त्यात जन्मला. हेन्री पिडिंग्टन हा एके काळचा जहाजी माणूस तेथे सागरी अपघातांच्या चौकशीचे काम पाहत असे. वादळातील वारे गोल गोल फिरतात, म्हणून सापाच्या वेटोळ्यासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून त्याने हे नाव पाडले आणि १८४८ च्या आपल्या पुस्तकात ते रूढ केले. कलकत्त्याला पर्याय म्हणून मातला नदीवर नवे बंदर बांधण्याचे सरकारने मनात आणले, तेव्हा १८५३ साली त्याने गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी यास उघड पत्र लिहून कळविले की, या जागी एक दिवस वादळाची लाट चढून सारे वाहून जाईल. पत्र योग्य अधिकाऱ्यास, योग्य वेळी, योग्य भाषेत गेले होते. बंदर तरीही बांधले गेले. पिडिंग्टन १८५८ साली वारला आणि १८६७ च्या नोव्हेंबरात त्या पोर्ट कॅनिंगची वादळाने वाताहत केली. सरकारी लिखापढीत आयुष्य घालविणाऱ्या आम्हां मंडळींना या कथेचे नवल वाटू नये.

दरम्यान ५ ऑक्टोबर १८६४ रोजी कलकत्त्यावरच घाला आला होता. हुगळीतून लाट वर चढली, बंदरातील बहुतेक जहाजे नांगर तोडून काठावर फेकली गेली, आणि सुमारे साठ हजार माणसे मेली. दुसऱ्याच वर्षी, म्हणजे फिट्झरॉय ज्या वर्षी गेला त्याच १८६५ साली, कलकत्ता बंदरासाठी वादळाचे इशारे देण्याची व्यवस्था सुरू झाली. १८७५ साली हवामान खाते स्थापन झाले. पुढच्याच वर्षी, ३१ ऑक्टोबर १८७६ रोजी, मेघनेच्या मुखाशी बाकरगंज जिल्ह्यावर वादळाची लाट आली. सुमारे एक लाख माणसे बुडाली आणि जवळपास तितकीच मागाहून रोगराईने व उपासमारीने गेली. व्यवस्था होती, पण ती बंदराची होती. बेटांवर भात लावणाऱ्या कुळाला सांगावे असे कुणाच्या मनात आले नाही, कारण इशारा हा मालाच्या आणि जहाजांच्या रक्षणासाठी आहे असेच सारे समजत होते.

१८८० साली पश्चिम किनाऱ्याची पाळी आली. तेव्हाच्या बंदरांत मुंबई-कराचीच्या जोडीने रत्नागिरी आणि वेंगुर्ले ही आपली नावे आहेत. १८८६ पर्यंत देशातील सर्व बंदरे या जाळ्यात आली. मात्र कलकत्त्याची खूण वेगळी आणि मुंबईची वेगळी असा घोळ होता. तो मोडून १८९८ साली सर्वत्र एकच पद्धत लागू केली गेली. आजची अकरा क्रमांकांची माळ तिच्याच पायावर उभी आहे.

आता ही माळ नीट पाहू. एक आणि दोन हे दूरचे इशारे. बंदराला काही धोका नाही. लांब समुद्रात एक म्हटल्यास हवा बिघडली आहे, दोन म्हटल्यास वादळ तयार झाले आहे, बाहेर पडणाऱ्या जहाजांनी ध्यानात घ्यावे. तीन आणि चार हे बंदराजवळचे सावधगिरीचे इशारे. येथवर आमचे अंकगणित चालते. खरी मौज पाचापासून आहे. पाच, सहा आणि सात हे तिन्ही 'धोक्याचे' इशारे असून तिन्हींतील वादळ सारख्याच जोराचे आहे. पाच म्हणजे बंदर वादळाच्या मार्गाच्या डाव्या हातास राहील, सहा म्हणजे उजव्या हातास राहील, आणि सात म्हणजे वादळ बंदरावरून वा अगदी जवळून जाईल. आठ, नऊ, दहा यांतही हाच क्रम. फक्त वादळ अधिक उग्र आणि इशारा 'महाधोक्याचा'. अंक सहा, पण पायऱ्या दोनच!

कप्तानाला या डाव्या-उजव्याचे मोल फार मोठे. आपल्या गोलार्धात वादळाच्या उजव्या अंगाला वाऱ्याचा वेग आणि वादळाची स्वतःची चाल यांची बेरीज होते आणि समुद्र जमिनीवर चढतो तो बहुधा त्याच अंगाला. वारा कोणत्या दिशेने सुरू होऊन कोणत्या दिशेला वळेल, नांगर कुठे टाकावा, जहाज बंदरात ठेवावे की बाहेर काढावे, हे सारे त्या एका अंकातून त्याला उमगते. इतक्या थोड्यात इतके सांगणारी खूण करणाऱ्याच्या बुद्धीचे आम्हांस कौतुकच वाटते. पण हाच अंक जेव्हा शेतकऱ्याच्या कानी पडतो, तेव्हा काय होते? कुणाचा डावा आणि कुणाचा उजवा? त्याला त्यात जिना दिसतो. पाच लागला, अजून पाच पायऱ्या आहेत, सात झाला की गुरे सोडू, नऊ झाला की पोरे घेऊन निघू. आणि वादळ पाचावरून एकदम दहावर आले, की त्याचा सारा हिशेब पाण्यात.

अकरा क्रमांकाची गंमत तर सर्वांहून न्यारी. हा जगबुडीचा नव्हेच. हवामान कचेरीशी असलेला बंदराचा संपर्क तुटला आहे आणि स्थानिक अधिकाऱ्याच्या मते हवा वाईट होण्याचा संभव आहे, एवढाच त्याचा अर्थ. म्हणजे माळेच्या माथ्यावर कचेरीने आपले अज्ञान टांगले आहे. सरकारी पद्धतीत इतका प्रामाणिकपणा आम्हांस अन्यत्र क्वचितच आढळला.

हे इशारे ज्या खात्याच्या हातून निघतात, त्याचे मुख्य ठाणे कलकत्ता, सिमला, पुणे असे फिरत फिरत दिल्लीस गेले. १९२८ साली ते सिमल्याहून पुण्यास आले म्हणून शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर आजही 'सिमला ऑफिस' म्हणतात. बदलीवर गेलेल्या माणसाला मागच्या गावाचे नाव चिकटते, तसेच हे.

इशारा देणाऱ्यालाही एक भीती असते. ऐकणारा घाबरून जाईल ही. अमेरिकेच्या हवामान खात्याने तर १८८० च्या दशकापासून 'टॉर्नेडो' हा शब्दच अंदाजात वापरू दिला नाही. लोकांत घबराट होईल हे कारण. हा निर्बंध ढिला व्हायला १९३८ साल उजाडले आणि पुरता जायला १९५०. आपल्याकडे १६ ऑक्टोबर १९४२ च्या मेदिनीपूरच्या वादळात चौदा हजारांवर माणसे मेली, आणि युद्धाच्या व आंदोलनाच्या त्या दिवसांत वर्तमानपत्रांना सुमारे पंधरवडाभर त्याची बातमीसुद्धा छापू दिली गेली नाही. घबराट टाळण्यासाठी गप्प बसणारे सरकार आणि स्वतःची चामडी वाचविण्यासाठी गप्प बसणारे सरकार, यांतला फरक बुडणाऱ्याला कळण्याचा संभव कमी.

उलट टोकाचा दोष आम्हांस अधिक परिचित आहे. फायलीवर 'इमिजिएट'ची चिठ्ठी लावण्याची पद्धत आहे. प्रारंभी ती चिठ्ठी पाहून माणूस जेवण सोडून उठतो. मग जो तो आपल्या फायलीस ती लावू लागतो. मग 'मोस्ट इमिजिएट' निघते. काही वर्षांनी टेबलावरील सगळ्याच फायली चिठ्ठ्या मिरवीत शांतपणे पडून असतात. वादळाच्या इशाऱ्याचेही असेच होते. त्यात भर ही की, वादळ शेवटच्या घटकेला वळते. दहा गावांना सांगावे तेव्हा दोन गावांवर येते. उरलेली आठ गावे पुढच्या खेपेस जागची हलत नाहीत.

याची भयंकर प्रचीती १२ नोव्हेंबर १९७० च्या रात्री तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात आली. भरतीच्या वेळी भोला व आसपासच्या बेटांवर लाट चढली आणि तीन ते पाच लाख माणसे मेली. तजुमुद्दीन या एका ठाण्यातील पंचेचाळीस टक्क्यांहून अधिक वस्ती त्या रात्रीत नाहीशी झाली. वादळ उपग्रहाच्या चित्रात दिसले होते. रेडिओवरून 'महाविपद् संकेत' सांगितला गेला होता. नंतरच्या पाहणीत असे आढळले की, त्या भागातील सुमारे नव्वद टक्के लोकांना वादळ येत असल्याचे आधी कळले होते. पण भक्कम आसऱ्यास गेले ते अवघे एक टक्का. वाचलेल्यांनी सांगितले की, रेडिओवरील त्या शब्दांतून त्यांना विशेष काही बोध झाला नाही. त्यापूर्वी तीनच आठवडे एक वादळ येऊन तुलनेने थोडक्यात गेले होते. आणि हेही खरे की, जावे म्हटले तरी जाण्याजोगे पक्के घर कित्येक बेटांवर नव्हतेच.

या दोन आकड्यांकडे, नव्वद आणि एक, आम्ही पुष्कळ वेळ पाहत बसलो होतो. इशारा पोहोचला नाही असे म्हणण्याची सोय येथे नाही. तो पोहोचला, पण पोहोचला तो एक शब्द होऊन. 'महाविपद्' म्हणजे किती पाणी, कुणाच्या अंगणात, किती वाजता, आणि मी कुठे जायचे, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्या शब्दात नव्हते. त्या आपत्तीतील सरकारी दिरंगाईचा राग पुढच्याच महिन्यातील निवडणुकीत उमटला आणि वर्षभरात बांगलादेश जन्मला, हा इतिहास वाचकांस ठाऊक आहे.

नव्या राष्ट्राने १९७२ पासून गावोगाव स्वयंसेवक तयार केले. क्रमांक तेच राहिले. पण गावात धोक्याप्रमाणे एक, दोन किंवा तीन बावटे उभारायचे आणि कर्णा घेऊन दारोदार हिंडायचे असे ठरले. बंदराच्या सहा अंकांतील गुंता तीन बावट्यांनी बराच सुटला, आणि सांगणारा माणूस ओळखीचा झाला. तरी २९ एप्रिल १९९१ रोजी चितगावच्या बाजूस दहा नंबरचा संकेत असताना सुमारे एक लाख अडतीस हजार माणसे गेली. आसरे पुरेसे नव्हते, पूर्वीचे फसलेले इशारे लोकांच्या ध्यानात होते, आणि घर, गुरे व अब्रू सोडून निघणे बायामाणसांना सोपे नव्हते. सवय घडण्यास एक पिढी लागते.

आपल्या बाजूस १९ नोव्हेंबर १९७७ रोजी आंध्रातील दिविसीमेवर समुद्र चढला आणि अधिकृत हिशेबाने सुमारे दहा हजार माणसे मेली. पुढील दशकात एक चांगली गोष्ट झाली. उपग्रहाच्या साहाय्याने किनाऱ्यावरील कचेऱ्यांत अशी यंत्रे बसविली गेली की, ज्या जिल्ह्याला धोका त्याच जिल्ह्याचे यंत्र आपोआप भोंगा वाजवून जागे व्हावे आणि तेथील भाषेत बोलावे. सगळ्या किनाऱ्याला एकदम न भिवविता ज्याचे त्याला सांगणे, आणि त्याच्या बोलीत सांगणे. चिठ्ठ्यांच्या रोगावर हे औषध होते. १९९० च्या मे महिन्यात त्याच आंध्र किनाऱ्यावर प्रचंड वादळ आले, तेव्हा लाखो लोक आधी हलविले गेले आणि मृतांची संख्या हजाराच्या आसपास राहिली.

पण ओडिशाची कथा मागे राहिली. १९९९ च्या ऑक्टोबरात १७ तारखेला गंजाम जिल्ह्यावर एक वादळ आले, आणि बाराच दिवसांनी, २९ तारखेला, पारादीपजवळ ते महाचक्रीवादळ आले. वारा ताशी सुमारे २६० किलोमीटर, समुद्र पाच-सहा मीटर वर, मृत सुमारे दहा हजार. त्यांतील बहुसंख्य एकट्या जगतसिंहपूर जिल्ह्यातील. 'सुपर सायक्लोन' हा शब्द लोकांना तेव्हा नवाच होता. ताशी २६० किलोमीटर म्हणजे काय, हे ज्याने मोटारीत बसून कधी साठ पाहिलेले नाही त्याला कसे कळावे? उडियात वादळाला 'बात्या' म्हणतात. बंगालीत 'घूर्णिझड', तेलुगूत 'तुफानु', आपले 'चक्रीवादळ'. या सर्व नावांत वारा आहे, पाणी कुठेच नाही. आणि किनाऱ्यावर माणसे मरतात ती मुख्यतः पाण्याने. वाऱ्यासाठी माणूस दार लावून घरात बसतो. पाण्यासाठी घर सोडून उंचावर जावे लागते. नाव चुकले की कृती नेमकी उलट होते.

हे आम्ही तर्काने म्हणत नाही. ८ नोव्हेंबर २०१३ रोजी फिलिपाइन्समधील ताक्लोबान शहर 'हैयान' वादळाच्या लाटेने धुऊन नेले. त्या वादळात देशभर सहा हजारांवर माणसे मेली. 'स्टॉर्म सर्ज' येणार असे आधी पुनःपुन्हा सांगितले गेले होते. वाचलेले पुष्कळ लोक म्हणाले की, ते शब्द आम्हांला समजले नाहीत; 'त्सुनामी' म्हटले असते तर आम्ही पळालो असतो. शास्त्रदृष्ट्या त्सुनामी म्हणणे चूक ठरले असते. तरी त्या चुकीच्या शब्दाने किती जीव वाचले असते, हा विचार मनातून जात नाही.

त्याच्या चारच आठवडे आधी, १२ ऑक्टोबर २०१३ रोजी, 'फायलिन' वादळ गोपाळपूरला धडकले होते. ओडिशात सुमारे दहा लाख माणसे आधीच हलविली गेली होती आणि मृतांचा आकडा दोन अंकी राहिला. ३ मे २०१९ च्या 'फनी'त पुरीच्या बाजूस सुमारे बारा लाख हलविले गेले, मृत साठ-पासष्ट. मधल्या काळात अंदाज सुधारले, निवारे बांधले गेले, हे तर आहेच. पण वाक्यही बदलले होते. 'अमुक रेखांशावर तीव्र दाब' हे वाक्य आता गावापर्यंत जात नसे. जात असे ते असे की, तुमच्या गावात पाणी येणार; उद्या दुपारच्या आत शाळेच्या निवाऱ्यात चला; शिजवलेले अन्न तेथे आहे. आणि हे सांगणारा पंचायतीचा, ओळखीचा माणूस असे.

आता क्रमांकांच्या जोडीला रंग आले आहेत. हिरवा, पिवळा, नारिंगी, तांबडा. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, तांबडा म्हणजे कृती करा. रंग ठरविताना संभव किती आणि परिणाम किती या दोहोंचा मेळ घालतात. पण लोकांनी त्याचाही जिनाच केला आहे: तांबडा म्हणजे सर्वांत जास्त पाऊस, किंवा मुंबईत, शाळेला सुट्टी. सुट्टीच्या दिवशी ऊन पडले की हवामान खात्यावर विनोद सुरू होतात. त्या विनोदकर्त्यांना आम्ही २६ जुलै २००५ ची आठवण देऊ. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच शहरातील कुलाब्याला केवळ ७३. एका शहरावर एक रंग फासला, तर कुलाब्याचा माणूस फसवणूक झाली म्हणेल आणि सांताक्रूझचा माणूस इशारा अपुरा होता म्हणेल. दोघेही आपापल्या अंगणापुरते खरे.

जुनी माळही उतरलेली नाही. बंदरांवर आजही तेच क्रमांक चढतात आणि दूरध्वनीच्या काचेवर रंग झळकतात. एकाच घरात दोन्ही येऊन पोहोचतात. मागे एकदा वादळ कोकणाच्या रोखाने निघाले असता आम्ही वेंगुर्ल्यास काकांना फोन केला. वय ऐंशीच्या घरात, समुद्र घरापासून हाकेच्या अंतरावर. आम्ही येथून, हजार मैलांवरून, त्यांना नारिंगी म्हणजे काय आणि बंदरावर लागलेल्या बावट्याचा खरा अर्थ काय, हे नुकत्याच मिळविलेल्या विद्वत्तेने समजावून सांगू लागलो. काकांनी थोडे ऐकून घेतले. मग म्हणाले, "रंगाचा काय ता ऱ्हवांदे. पाणी खंयपर्यंत येतला, ता सांग." ते आमच्या कागदांत नव्हते. काकांनी फोन ठेवला आणि होडी वर ओढायला माणसे बोलावली, असे मागाहून काकूंकडून कळले.